गायरानावर वाचलेलं ग्रीक युद्ध

संपादकांचा फोन आला, दिवाळी अंकासाठी चळवळीतले अनुभव लिहा. मी विचारलं, कसले? म्हणाले, लाठीमार, अटक, असं काहीतरी थरारक. मी सरळ सांगितलं, थरार हवा असेल तर पोलिसांकडून लिहून घ्या. आमच्या धंद्यात मुख्य काम बसण्याचं. कचेरीसमोर बसायचं. साहेब मिटिंगला गेलेत म्हणून बसायचं, साहेब मिटिंगहून आले पण जेवायला गेले म्हणून बसायचं. घोषणा दिवसातून दोन-तीनदा, त्याही पत्रकार आले तर. बाकी सगळं ऊन, सतरंजी आणि कोमट पाणी. या बसण्याचं काय करायचं हे कुठल्याच शिबिरात शिकवत नाहीत. मला ते एका ग्रीक पुस्तकानं शिकवलं, म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते. चालणार नसेल तर छापू नका.

मी येरमाळ्याची. वडलांचं हायवेला चहाचं हॉटेल, आईचं माहेर मेंढरांचं. कॉलेजात असताना पत्रकं वाटायला लागले, मग लिहायला लागले. बाहेरच्यांना वाटतं पत्रक म्हणजे राग आला की खरडायचं. तसं नसतं. कागदाची एकच बाजू वापरायची. मथळा धावत्या एसटीतून वाचता आला पाहिजे. कुणी काय केलं ते पहिल्या परिच्छेदात, मागणी शेवटच्यात, आणि मधे कायदा, तोही भाकरीत मीठ असतं तेवढाच. विशेषणं ठरलेली. प्रशासन कायम झोपलेलं, ठेकेदार कायम मुजोर, जनता कायम संतप्त. निषेध जाहीरच असतो, गुपचूप निषेध मी अजून पाहिलेला नाही. अशी शेकड्यानं पत्रकं लिहून माझं डोकंही एकाच बाजूला छापलेलं झालं होतं. कुणी म्हणालं आज आभाळ काय सुंदर आहे, तर माझ्या मनात यायचं, मागणी काय आहे?

पुस्तक आमच्या वाचनालयात आलं ते पुण्याच्या कुणा दानशूर माणसानं पाठवलेल्या खोक्यातून. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पोरांनी तासाभरात पळवली. तळाशी हे उरलं, विटेएवढं जाड. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं ग्रीक महाकाव्य, हल्लीच्या साध्यासुध्या इंग्रजीत उतरवलेलं. मराठीत असेलही, आमच्यापर्यंत पोचलेलं नाही. आमच्या माळापर्यंत रस्तासुद्धा पोचला तो पवनचक्कीच्या पात्यांसाठी. माझं इंग्रजी म्हणाल तर मोबाईलमधल्या शब्दकोशाच्या काठीनं चालणारं. पण त्या इंग्रजीला तोरा नव्हता. वाक्यं छोटी, शब्द रोजचे. ज्यानं कुणी ते ग्रीकमधून आणलं त्याला माझ्यासारखीसाठी आणायचं होतं, असं मला वाटलं. असं मला क्वचितच वाटतं.

त्या वेळी आमचं धरणं बरडवाडीच्या माळावर चालू होतं. पवनचक्कीच्या कंपनीनं गायरानातून रस्ता काढला होता. ना ठराव, ना मोजणी. मेंढरांची चराई दुभंगली. आम्ही रस्त्याच्या कडेला मंडप टाकून बसलो. आमच्या कृती समितीचे अध्यक्ष नाना. जुने कार्यकर्ते, आवाज असा की माईकला काम नाही. नाना तालुक्याला गेले की दुपारी मंडपात दहा-बारा माणसं उरायची, बहुतेक म्हातारी. मी खांबाला टेकून पुस्तक काढायची.

एकदा पार्वतीआक्का म्हणाली, "मनातल्या मनात काय खातीस गं? तोंडानं वाच की." आक्का मेंढरांमागं साठ पावसाळे हिंडलेली, तिच्या तोंडाला सरपंचसुद्धा लागायचा नाही.

"इंग्रजी आहे आक्का."

"मग तू कशाला शिकलीस? साहेबाला शिव्या द्यायला?"

तेव्हापासून मी एक ओळ वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची. एक मोठा योद्धा. सरदारानं त्याचा वाटा हिसकावला, भर सभेत अपमान केला. तेव्हा तो म्हणाला, जा, लढत नाही, आणि तंबूत जाऊन बसला.

"म्हंजे धरण्यावर बसला," आक्का म्हणाली.

"तसंच."

"आन सरदार समजूत काढाया आला का?"

"माणसं पाठवली. स्वतः नाही आला."

"तहसीलदारच की मेला."

वरच्या देवांचंही आमच्या लोकांना नवल वाटलं नाही. एक देव यांच्या बाजूचा, एक त्यांच्या, वर बसून आपसात भांडतात आणि खाली माणसं मरतात. "मंत्रालय," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे फुडं वाच म्हणाले.

मला आवडली ती ठरलेली विशेषणं. पहाट आली की तिचं तेच वर्णन, समुद्राचं तेच, योद्ध्याचं तेच, पुन्हा पुन्हा. शहरातला वाचक कंटाळेल. आमची माणसं देवीच्या आराध्यांच्या गाण्यांवर वाढलेली, त्यांना पालुपद आलं की बरं वाटायचं. पहाटेचं विशेषण आलं की म्हाताऱ्या माझ्याआधी बोलायच्या. आमच्यातल्या एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. पण माळावरचं कुसळी गवत दुपारच्या वाऱ्यात एका अंगानं लवतं, चमकतं, परत उठतं. मी समुद्र म्हणाले की सगळ्या गवताकडं बघायच्या. लांब पवनचक्कीचं पातं फिरायचं, त्याची सावली गवतावरून जायची, मंडपावरून, पुस्तकाच्या पानावरून, परत गवतावर. मेंढरांच्या घंटा कुठंतरी. वाचता वाचता माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटायला लागायचा. आपण कशासाठी बसलोय हे मी अर्धा-अर्धा तास विसरून जायची. संघटनेच्या बैठकीत हे सांगितलं असतं तर माझ्यावर ठराव आला असता.

जहाजांच्या याद्या आल्या तिथं मी पानं उलटायला लागले. कोण कुठल्या गावचा, किती जहाजं घेऊन आला, नुसती नावं. मागून आवाज आला, "का गं, त्येंनी काय घोडं मारलं? त्येंची बी नावं घे."

ते धोंडिबाअण्णा. गावात शेवटचे दोन-चार मेंढपाळ उरलेत त्यातले एक. घोंगडी खांद्यावर, बोलणं कमी. त्यांचा पोरगा बालाजी मेंढरं राखायचा म्हणून अण्णांना धरण्याला यायला सवड मिळायची. मी सगळी नावं वाचली. अर्धी चुकीची उच्चारली असणार. अण्णा प्रत्येकाला मान हलवत होते, लग्नात पाव्हणे येताना हलवतात तशी.

त्या काव्यात मरणारा कितीही किरकोळ असो, मरताना त्याचं नाव येतं, बापाचं येतं, गाव येतं. मला राग आला. ग्रीकांचा नव्हे, आपला. आपल्याकडं छापून येतं, अपघातात एक ठार. आणि आमची पत्रकं तरी काय वेगळी? 'एका कष्टकऱ्याचा बळी.' तेव्हापासून मी पत्रकाची रीत मोडली. आधी माणूस, मग मागणी. नाना म्हणाले, "ताई, तुझी पत्रकं लांबायला लागली." म्हटलं, लांबू द्या.

एक गिऱ्हाईक सांगायचं राहिलं. आंदोलनात कोण काय बोलतं ते वर कळवायला एक साध्या वेशातला हवालदार यायचा. साधा वेश म्हणजे काय, तर खाकी पँट आणि पांढरा शर्ट. सगळा माळ त्याला ओळखायचा. त्यानं पुस्तक पाहून विचारलं, "मॅडम, यात आक्षेपार्ह काय हाय का?"

"आहे. राजे मूर्ख आहेत."

"आपले?"

"ग्रीकांचे."

"मग असू द्या." आणि बसला. नंतर एक दिवस आला नाही, दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणतो, "काल ईट गावाला मेव्हण्याचं लगीन होतं. त्या रुसलेल्याचं काय झालं?" मी सांगितलं, त्याचा जिवलग मित्र मारला गेला, तेव्हा तो उठला, आणि मारणाऱ्या राजपुत्राला त्यानं मारलं. पण राग जाईना. प्रेत परत देत नाही, रोज रथाला बांधून ओढतो. हवालदार म्हणाला, "ह्ये काय बरं न्हाय." पोलीस खात्याकडून एवढा निषेध मी पहिल्यांदाच ऐकला.

तिथं आमचं वाचन थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजी गेला.

पवनचक्कीचं एक पातं अख्ख्या आळीएवढं लांब असतं. ते नेणारा ट्रेलर वळणावर मागं घेत होते. मागं माणूस उभा करून इशारा द्यायचा असतो, तो ठेकेदारानं ठेवलेला नव्हता. रस्त्यावर मेंढरं आडवी आली होती, बालाजी ती हाकलत होता. मेंढरं वाचली. लग्नाचं बघायचं चाललं होतं त्याचं.

आता एक गोष्ट बाहेरच्यांना समजावून सांगितली पाहिजे, कारण शहरात तिच्याबद्दल नाकं मुरडतात. अशा वेळी आम्ही प्रेत ताब्यात घेत नाही. शवविच्छेदन झालं तरी दवाखान्याच्या आवारात बसतो, गुन्हा दाखल होईपर्यंत. हे क्रूर वाटतं. वाटू दे. माती झाली की तुमचा फोन कुणी उचलत नाही, हा आमचा अनुभव आहे. गरिबाच्या मरणाची सरकारला अडचण होते ती प्रेत पडून असेपर्यंत. ज्यांनी ही वेळ आणली त्यांनी आम्हाला माणुसकी शिकवू नये. ते मी आजही म्हणते.

नानांनी हाक दिली आणि मी पत्रक लिहिलं, दवाखान्याच्या पायरीवर बसून. चांगलं लिहिलं. बालाजी धोंडिबा, राहणार बरडवाडी, मेंढरं राखणारा. खाली मागणी: नुसत्या ड्रायव्हरवर नको, ठेकेदारावर गुन्हा. तोवर प्रेत ताब्यात घेणार नाही. अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुमी म्हणताल तसं."

अख्खा समाज गोळा झाला. कळंबहून, ईटकडून माणसं आली. भाषणं झाली. दुसरी दुपार आली तरी ठाण्यातून निरोप एकच, चौकशी चालू आहे. ऊन पांढरं झालं होतं. लिंबाखाली माणसं जागीच पेंगत होती आणि दवाखान्याच्या भिंती हवेत हलल्यासारख्या दिसत होत्या. मला दोन दिवसांची झोप नव्हती. डोळा मिटला की गवत लवताना दिसायचं, उघडला की शवागाराचं निळं दार.

अण्णा येऊन शेजारी बसले.

"ताई, ते पुस्तक हाय का संगं?"

पिशवीत होतंच. मी म्हटलं, "अण्णा, आत्ता नको."

"त्या राजाच्या पोराला फुडं काय झालं? प्रेत दिलं का न्हाय?"

आक्का माझ्याकडं बघत होती. हवालदार भिंतीला टेकून उभा होता, तोही जवळ सरकला. मी पान काढलं. एक ओळ इंग्रजी, एक ओळ आपली. म्हातारा राजा गाडीत भेटी भरून निघतो. बायको म्हणते, जाऊ नका, तो तुम्हालाही मारील. तो ऐकत नाही. शत्रूच्या छावणीत, थेट त्या तंबूत शिरतो, आणि ज्या हातांनी पोरगं मारलं ते हात हातात घेऊन ओठांना लावतो. म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर. मग दोघं रडतात. एकाच तंबूत, शेजारी शेजारी, प्रत्येकजण आपापल्या माणसासाठी.

"आन मग?"

"मग दिलं. न्हाऊ घालून, अंगावर वस्त्र घालून दिलं. आणि विचारलं, मातीला किती दिवस लागतील? तोवर लढाई थांबवतो."

अण्णांनी मान हलवली. म्हणाले, "म्हाताऱ्यानं बरं केलं. ज्याच्या ताब्यात हुतं त्याच्याकडंच गेला."

मग ते उठले. डोक्याचा पटका काढून हातात घेतला. मला वाटलं, ऊन लागलं असेल. तर ते माझ्यासमोर वाकले आणि त्यांचा हात माझ्या पायाकडं आला.

माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस. मी किंचाळलेच, "अण्णा, काय करता!"

"पोरी," ते म्हणाले, "त्याची आय दारात बसलीय. गाडीचा आवाज आला की उठती, आन परत बसती. माझं लेकरू दे."

कायद्यानं ते कधीही सही करून पोराला नेऊ शकत होते. ना दवाखाना अडवत होता, ना पोलीस. त्यांना तर हवंच होतं. पण सगळा समाज आपल्यासाठी उन्हात बसलाय आणि आपणच उठून जायचं, हे त्या माणसाला जमणारं नव्हतं. आमच्या माणसांत ते जमत नाही. म्हणून ते आमच्या तंबूत आले होते, आणि मी इतका वेळ समजत होते की तंबू समोरच्यांचा आहे.

मी नानांकडं गेले. म्हटलं, "अण्णांना पोरगं न्यायचंय. आपण उठू."

"वेडी झालीस का? ठाण्याचे साहेब निघालेत, येतायत. आता उठलो तर ड्रायव्हरच्या गळ्यात घालून मोकळे होतील. ड्रायव्हर बी गरिबाचंच लेकरू हाय, त्याला आत टाकून ठेकेदार चहा पीत बसंल. तुला पायजे ते?"

नाना खोटं बोलत नव्हते. त्यांनी अशी किती प्रकरणं बुडताना पाहिलीत ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "नको. पण पोरगं समितीचं नाही, त्यांचं आहे. पत्रक मी लिहिलंय, मी मागं घेते."

"आणि लोकांना काय सांगू?"

उत्तर आक्कानं दिलं. "नाना, तुमचं भाषण मातीनंतर बी टिकंल. पोरगं टिकत न्हाय ह्या उन्हात."

नाना माझ्याकडं न बघता म्हणाले, "जा. पण ह्याचा जाब तुला द्यावा लागंल."

मी माईकवर सांगितलं, आपण उठतोय, हा अण्णांचा शब्द आहे. कुणी घोषणा दिली नाही. हवालदारानं स्वतः गाडीची सोय बघितली आणि कागदांसाठी धावपळ केली. त्याचं ते काम नव्हतं. दिवस कलताना माळावर माती झाली. वारा पडला होता आणि पहिल्यांदाच मी सगळी पाती थांबलेली पाहिली. ओळीनं उभी, कुणाचीच नसल्यासारखी. आईनं पोराच्या तोंडावरून हात फिरवला. त्यापुढचं मी इथं लिहीत नाही.

नाना म्हणाले तसंच झालं. गुन्हा एकट्या ड्रायव्हरवर. समितीच्या बैठकीत मला जाब विचारला गेला: भावनेच्या भरात आंदोलन बुडवलं, ऐन वेळी इंग्रजी पुस्तकं वाचत बसते. मी म्हटलं, पहिलं तुम्हाला वाटत असेल तर लिहून घ्या, दुसरं खरंच आहे. माझ्याकडून पत्रकांचं काम काढून घेतलं. आपण बरोबर केलं का, हे मला रोज वेगळं वाटायचं. ड्रायव्हरची बायको ठाण्याच्या दारात दिसली त्या दिवशी तर अजिबात बरोबर वाटलं नाही. अण्णांकडं जायचं माझं धाडस होत नव्हतं. बुडालेल्या प्रकरणाच्या घरी कार्यकर्ता सहसा जात नाही, ही आमच्या धंद्यातली आणखी एक गोष्ट.

बालाजीचं दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी हवालदाराचा फोन आला. "मॅडम, जरा ठाण्याकडं या. लौकर या. आन हसू नका."

गेले तर ठाण्याचं आवार मेंढरांनी भरलेलं. नजर जाईल तिथवर काळ्या-पांढऱ्या पाठी. जीपच्या खाली मेंढरं, पायऱ्यांवर मेंढरं, एक तर आतल्या टेबलाजवळ. जाळीच्या दारातून ऊन येत होतं आणि त्यात लोकरीची धूळ तरंगत होती. सगळं आवार धुरकट, सोनेरी, झोपेत असल्यासारखं. ना घोषणा, ना बॅनर. मधोमध घोंगडी टाकून अण्णा बसले होते आणि शेजारी आक्का पानाला चुना लावत होती.

"अण्णा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाया कशाला पायजे? त्येंनी चराईची जागा घेतली, मग मेंढरं कुठं नेऊ? हितं गवत बरं हाय." खरंच होतं. ठाण्याच्या कुंपणाला हरळी चांगली माजली होती.

मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले. शेवटी तोंडातून निघालंच, "अण्णा, त्या दिवशी उठायला नको होतं का आपण?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, प्रश्न कळला नसल्यासारखं. "तवा माझ्याजवळ येळ नव्हता गं."

नाना आले, उशिरा. दारात थांबले, मेंढरांतून वाट काढत आले आणि घोंगडीच्या कोपऱ्यावर बसले. पुढं गुन्ह्यात ठेकेदाराचं नाव चढलं. ते मेंढरांमुळं चढलं, नानांनी वर केलेल्या फोनांमुळं चढलं, की साहेबाची बदली जवळ आली होती म्हणून, हे मला सांगता येणार नाही. खटला चालू आहे. तारखा पडतात, अण्णा प्रत्येक तारखेला जातात.

पण मला आठवतो तो त्या सकाळचा क्षण. साहेबांना बाहेर जायचं होतं, जीप निघत नव्हती. ते तणतणत पायरीवर आले आणि ओरडले, "काय लावलंय हे? किती वेळ बसणार आहात असे?"

अण्णांनी घोंगडीवर हातानं जागा झाडली.

"या साहेब, बसा," ते म्हणाले. "पोराची माती झाली. आता मला येळच येळ हाय."